‘थकले’ म्हणजे नेमके काय?

वयस्क माणसाविषयी ‘आता थकले ते’ असे म्हटले की आपल्याकडे बोलणे तिथेच थांबते. चाल मंदावणे, ताटातली दुसरी पोळी परत जाणे, जिना टाळणे, दुपारचा बराच वेळ पडून काढणे, हे सगळे त्या एका शब्दात मावते आणि पुढे काही विचारावे असे कोणाला वाटत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी माझ्या ८२ वर्षांच्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल, हा शब्द दोन-तीन वर्षे सर्रास वापरला जात होता आणि तो वापरणाऱ्यांत मीही होतो.

गेल्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, अण्णांना दोन दिवस जुलाब झाले. त्याच अन्नाने मलाही झाले होते, पण मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि अण्णा तीन आठवडे खाटेवरून धड उठू शकले नाहीत. ज्या रुग्णालयात त्यांना ठेवले होते तिथून मिळालेल्या कागदावर साखर, मूत्रपिंड, हृदयाचा आलेख, सारे काही समाधानकारक होते, आणि डॉक्टरांनी ‘वयोमानानुसार’ एवढेच सांगितले. मला ते खोटे वाटले नाही, अपुरे मात्र वाटले, कारण शेजारचे ८५ वर्षांचे गृहस्थ रोज पायी टेकडी गणपतीला जाऊन येतात.

फरक वयाचा नव्हता, शरीराच्या गंगाजळीचा होता. छोटासा आजार, नवे औषध किंवा उन्हाचा तडाखा आला की निरोगी शरीर त्या शिलकीतून खर्च भागवते आणि पुन्हा भरपाई करते. ज्याची शिलकच संपत आली आहे, तो तेवढ्याशा धक्क्याने कोसळतो. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला फ्रेल्टी म्हणतात. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे मांडली: प्रयत्न न करता वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन किंवा अधिक लक्षणे असली तर फ्रेल्टी, एक-दोन असली तर तिची पूर्वावस्था. ही पूर्वावस्थाच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथून माणूस बऱ्याचदा मागे फिरू शकतो.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. जूनमध्ये तिने बैठकीतल्या फरशीवर खुर्चीपासून तीन मीटरवर खडूची रेघ ओढली आणि अण्णांना खुर्चीतून उठून रेघेपर्यंत चालत जायला, वळायला आणि परत येऊन बसायला सांगितले. या चाचणीत १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरला जातो; अण्णांना १९ लागले. हातांचा आधार न घेता पाच वेळा उठणे-बसणे १४ सेकंदांत जमावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या तपासणीत आहे. अण्णा हात न टेकता एकदाही उठू शकले नाहीत. तेही चकित झाले, कारण खुर्चीचे हात आपण धरतो हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते. तपासणीला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि साहित्य म्हणजे खडू नि मोबाइलमधले घड्याळ.

मग तिने जुने केसपेपर मागितले. त्यांवर प्रत्येक वेळचे वजन लिहिलेले होते, पण दोन कागद शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. वर्षभरात ६१ किलोचे ५६ झाले होते. वर्षात पाच टक्के घट ही धोक्याची खूण मानली जाते; इथे ती आठ टक्क्यांच्या वर होती, आणि आम्ही तर ‘साखर किती छान आटोक्यात आली’ म्हणून खूश होतो! वजन आणि जेवण घटले की साखर आणि रक्तदाब दोन्ही उतरू शकतात, पण गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहतात. अण्णांचा वरचा रक्तदाब झोपलेले असताना १३८ आणि उभे राहिल्यावर ११२ भरला. २० किंवा अधिक अंकांची घसरण झाली तर भोवळ येऊन पडण्याची भीती असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने पाणी गेलेल्या शरीरात ती आणखी वाढते. बसल्या बसल्या मोजलेल्या रक्तदाबात हे कधी दिसले नसते.

प्रश्नावल्यांबाबत मात्र माझा थोडा आक्षेप आहे. अमेरिकेत तयार झालेल्या १३ प्रश्नांच्या एका प्रसिद्ध यादीत खरेदी, पैशांचे व्यवहार, हलकी घरकामे स्वतः करता का, असे विचारतात. अण्णांनी उभ्या आयुष्यात घरकाम केले नाही आणि आईने बँकेची पायरी चढली नाही. या उत्तरांवरून दोघांच्या प्रकृतीविषयी काय कळणार? यादी करणाऱ्यांनाही ही अडचण दिसली असावी, कारण ‘करत नाही’ म्हटल्यावर ‘ते प्रकृतीमुळे का?’ असा पुढचा प्रश्न त्यात आहे. घाईत भरताना तोच गळतो. आपल्याकडे आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी अधिक साधे प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, जेवण-अंघोळ-कपडे यांसाठी मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का. मात्र उत्तर सुनेने किंवा मुलाने परस्पर देऊ नये. मी स्वतः एकदा ‘काही त्रास नाही’ असे सांगून आशाताईंना दारातूनच परत पाठवले होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आकडे दाखवल्यावर त्यांनी रक्तदाबाची एक गोळी बंद केली आणि मधुमेहाची मात्रा कमी केली. भाचीने खुर्चीतून उठण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा ठरवून दिला. आईने रात्रीच्या दूधपोळीऐवजी गोळाभात, झुणका, अंडे असे काही ताटात यावे याची जबाबदारी घेतली, अंड्याला नाक मुरडतच. नोव्हेंबरमध्ये पुन्हा रेघ ओढली तेव्हा १५ सेकंद लागले आणि वजन ५७.५ भरले. हात न टेकता दोनदा उठता आले; तिसऱ्यांदा त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि स्वतःच ‘धरला बरं का’ असे सांगितले. पुढची मोजणी फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आधी करायची आहे.