म्हशीचा पत्ता : शहर कोल्हापूर

कोल्हापुरात गाडीसमोर म्हैस आली की हॉर्न वाजवणारा माणूस परगावचा समजावा. इथला माणूस पाय टेकवतो आणि म्हशीकडं बघत बसतो. शिंगं बघतो, कास बघतो, मालक मागून येत असेल तर "कितवं वेत?" म्हणून विचारतोसुद्धा. त्याचा स्वतःचा गोठा असतोच असं नाही. तो बँकेत कारकून असेल, नाहीतर शिवाजी विद्यापीठात केमिस्ट्री शिकवत असेल. पण समोर म्हैस आहे आणि आपण तिच्याबद्दल चार शब्द बोललो नाही, तर त्याला उगाच चुकल्यासारखं वाटतं.

बहुतेक शहरांनी वाढता वाढता गोठे हद्दीबाहेर ढकलले आणि मग त्याच हद्दीबाहेरून दूध पिशवीत घालून परत आत आणलं. कोल्हापुरानं पिशवी घेतली, पण म्हैस सोडली नाही. 'गोकुळ' हा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६३ सालचा. त्याचं दूध मुंबई-पुण्याला जातं. जिथून टँकरच्या टँकर भरून दूध बाहेर जातं, त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावात संध्याकाळी माणसं किटली घेऊन म्हशीशेजारी उभी असतात, हे पुण्याच्या पाहुण्याला सांगून पटत नाही. त्याला गंगावेशीत नेऊनच दाखवावं लागतं.

गंगावेशीतला दूध कट्टा म्हणजे काही इमारत नव्हे. रस्त्याकडेची जागा, तिथं उभ्या केलेल्या म्हशी, त्यांच्यापुढं वैरणीच्या पेंढ्या, शेजारी बादल्या आणि मालक. गवळ्याला सगळे मामा म्हणतात, मग त्याचं वय पंचविशीचं का असेना. आपण "अर्धा लिटर" म्हणायचं. मामा कासेवर पाणी मारतात, सड धुतात, पहिली धार खाली सोडून देतात आणि खाली बसतात. भांड्याच्या बुडाला लागणारी धार आधी खणखणीत वाजते. दूध साचत गेलं की आवाज भरदार होत जातो. भांडं भरल्यावर वर बोटभर फेस येतो आणि इथून खरा व्यवहार सुरू होतो.

"मामा, फेस धरून न्हाई हं माप."

"फेसाचं पैसं मागिटल्यात का मी कवा? बसू दे की दम खाऊन."

मग दोघंही फेस बसायची वाट बघतात. ही जी दोन-तीन मिनिटं आहेत, तीच मला कट्ट्याची खरी कमाई वाटते. तेवढ्यात कुणाच्या पोरीचं लग्न ठरल्याचं कळतं, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल मॅचमध्ये तो गोल ऑफसाइड होता की नव्हता यावर दोन तट पडतात, पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं ते समजतं. दुधात पाणी आहे का, हा प्रश्न उर्वरित महाराष्ट्राला रोज पडतो. इथं तो पडायला जागाच नाही. सगळं डोळ्यांदेखत. त्यामुळं भांडायला फक्त फेस उरतो.

डॉक्टर मंडळी निरसं दूध पिऊ नका म्हणतात. ब्रुसेलोसिससारखे आजार न तापवलेल्या दुधातून माणसात येतात, हे काही खोटं नाही. आमच्या घरी तर धारोष्ण दूधही आल्या आल्या पातेल्यात जातं आणि उतू जाईपर्यंत गॅसवर राहतं. पण कट्ट्यावर उभ्या उभ्या ग्लास तोंडाला लावणाऱ्या, वर पांढऱ्या मिशा उमटलेल्या गड्याला हे सांगायची माझी छाती नाही. तो बहुधा शेजारच्या तालमीतला असतो.

भर चौकात धार काढणं वाटतं तितकं सोपं नाही. म्हैस मोठी लहरी. जागा बदलली, हात बदलला, रेडकू दिसलं नाही, की पान्हा चोरते. त्यात तिचा हट्ट नसतो. पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन तिच्या रक्तात आलं तरच सड मोकळे होतात, आणि भेदरलेल्या जनावरात ते अडतं. मग एसटी, रिक्षा, वडापच्या गाड्या आणि एखादा डीजे यांच्यामध्ये ही बाई निवांत रवंथ करत दूध कशी देते? त्याचं श्रेय पुष्कळसं पंढरपुरी जातीला. खांद्याच्याही मागं तलवारीसारखी गेलेली लांब शिंगं, चेहरा लांबट, अंगानं आटोपशीर. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. जागा नवी असली तरी ती पान्हा सोडते, ही तिची ख्याती. पूर्वी गवळी तिला गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन धार काढून देत, तेही तिच्या याच स्वभावाच्या जोरावर. आता गोठ्यात मुऱ्हा जातीची म्हैसही दिसते, दूधही जास्त देते. पण चौकात उभं राहायला काळीज पंढरपुरीचंच लागतं, असं मामा लोक सांगतात. त्यांच्या बोलण्यात जातीचा अभिमान थोडा जास्तच असतो, पण ते चालायचंच.

तालमीचं म्हणत होतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि कुठल्या कुठल्या खेड्यांतली पोरं वळकटी घेऊन कोल्हापुरात यायला लागली. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. दोघंही इथल्याच तालमींच्या मातीतले. पैलवानाची खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. बदाम विकत आणता येतो. दूध मात्र जवळ आणि खात्रीचं लागतं. त्यामुळं तालमीच्या आसपास गोठा असणं ही कोल्हापुरात हौस नव्हती, गरज होती. इथल्या पैलवानांचे फोटो पुष्कळ लागलेत भिंतींवर. त्यांना दूध पुरवणाऱ्या म्हशींचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. कुणीतरी लावायला हरकत नाही.

गोठ्याची दुसरी बाजूही आहे, आणि तिला वास आहे. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या लोकांची तक्रार असते, आणि ती रास्त असते. म्हशी रंकाळा तलावात किंवा नदीत धुवायच्या की नाही यावरून गावात वाद होतात. पाण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं मला पटतं. गोठ्यातलं काम बघितलं तर त्यातलं निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगावर. भल्या पहाटे उठून शेण काढायचं, सरकी पेंड भिजवायची, उसाचं वाडं आलं की तोडून घालायचं. कट्ट्यावर मिशीला पीळ देऊन मामा उभे असतात, घरी मामी शेणात हात घालून. पेठेतल्या एखाद्या पडक्या भिंतीवर पाच बोटांचा ठसा असलेल्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या, थापलेल्या दिसतात, तो हात कुणाचा हे गल्लीला बरोबर माहीत असतं.

आणि या शेणीपाशी कोल्हापूर मला सगळ्यात आवडतं. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. दहन लाकडाबरोबर शेणींवर होतं, आणि शेणी तर लागतात भरपूर. म्हणून होळीला इथली मंडळं, तालमी, शाळेतली पोरं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी स्मशानभूमीला देऊन येतात. ट्रॉली सजवून, कधी हलगी लावूनसुद्धा. स्मशानाकडं वाजत-गाजत निघालेली ट्रॉली पाहून परगावचा माणूस गोंधळतो. पण हिशेब साधा आहे. कुणाच्या तरी घरी माणूस जाणारच, आणि त्या दिवशी त्या घराला सरपणाची पावती फाडायला लागू नये. ज्याच्या गोठ्यातली शेणी असते त्याला ती कुणाला लागली हे कळत नाही, ज्यांना लागते त्यांनाही ती कुठल्या म्हशीची हे कळत नाही.

पुराच्या दिवसांत म्हशीचा मान आणखी कळतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. आकडा चढायला लागला की नदीकाठच्या चिखली, आंबेवाडीची माणसं हलायला लागतात ती दावणीसकट. २०१९ च्या पुरात बोटीत बसा म्हणून विनवणाऱ्यांना "आधी म्हशीचं बघा" म्हणणारी माणसं होती. शहाणपणाच्या दृष्टीनं हे चूकच. पण ज्या घराचा महिना तिच्या कासेवर चालतो, त्या घराला शहाणपण शिकवायला आपण कोण?

एवढं सगळं वर्षभर देणाऱ्या म्हशीचा दिवस म्हणजे दिवाळी पाडवा. आदल्या दिवसापासून तयारी. घासून-पुसून काळीभोर चकचकीत केलेली, शिंगांना रंग, त्यावर मोरपिसं, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल. काहींच्या अंगावर तर नक्षी कातरलेली. पंचगंगा घाट, सागरमाळ, कसबा बावडा, जिथं गवळ्यांची वस्ती तिथं म्हशी रस्त्यावर येतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं दामटतो आणि म्हैस त्या आवाजामागं शेपटी उंचावून धावते. हजार गाड्यांच्या गोंगाटात तिला आपल्या मालकाची गाडी ओळखू येते, असं त्यांचं ठाम म्हणणं. माझे कान दोन्ही हातांनी झाकलेले असतात, आणि सायलेन्सरशिवायही म्हैस पळेल असं माझं नम्र मत आहे. ते मत मी गेल्या पाडव्याला सागरमाळावर एका पोराला ऐकवलंही. वर शहाणपणानं विचारलं, एवढी नवी गाडी, तिचा आवाज कशाला असा बिघडवलास?

"गाडीचं काय घिऊन बसलाय काका," तो म्हणाला. "गाडी कुणाकडं बी असत्या. म्हस बघा की म्हस!"

बघितली. खरंच भारी होती.