अभंग म्हणजे भजनच ना?

परवा आमच्या सोसायटीत एक छान कार्यक्रम झाला, पत्रिकेवर 'अभंगसंध्या' असं छापलं होतं आणि सुरुवातच झाली मीराबाईच्या 'पायो जी मैंने'ने. गायलं खूप सुंदर, त्याबद्दल तक्रारच नाही, पण शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं की मावशी हा अभंग आहे का, आणि मी नाही म्हटल्यावर तिचं लगेच 'मग भजन आणि अभंगात फरक काय?' तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आपण बोलतो कसं ते बघा. भजन 'करतात', भजनाला 'जातात'. अभंग मात्र 'म्हणतात'. भजनी मंडळ असतं, अभंग मंडळ कधी ऐकलंय? म्हणजे भजन ही आधी एक कृती आहे, चार माणसं, टाळ, मृदंग किंवा पेटी, आणि देवाचं नाव. त्यात मग गवळण येते, भारूड येतं, हिंदी पदं येतात, नुसता 'रामकृष्ण हरी'चा गजरसुद्धा येतो. अभंग हा मात्र छंद आहे, आणि तो चक्क बोटांवर मोजता येतो.

'सुंदर ते ध्यान' सहा अक्षरं, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा, आणि 'ठेवोनिया' चार. ऱ्हस्व दीर्घ काही बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. दुसऱ्या तिसऱ्याचं यमक जुळतं, विटेवरी कटावरी, आणि चौथा तुकडा आखूड असल्यामुळे तिथे कसं टेकल्यासारखं होतं. हा मोठा अभंग. हरिपाठातलं 'देवाचिये द्वारी' मोजून बघा, तेच माप. लहान अभंगात आठ आठ अक्षरं, 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले'. शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' अशी सही.

पण मग अभंग हा भजनाचाच एक प्रकार, असं म्हणून मोकळं व्हावं का? मला ते पटत नाही. तुकोबांच्या गाथेत ढोंगी लोकांना झोडपणारे अभंग आहेत, स्वतःच्या संसाराची रडकथा आहे. गाथा मांडीवर घेऊन एकटीने वाचली तर ती कविताच आहे, टाळ घेऊन चार जणांत म्हटली की तिचं भजन होतं.

नामदेवांचं तर फारच गोड आहे. मराठीत त्यांचे अभंग, आणि त्याच नामदेवांची ६१ पदं शीखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, गुरुद्वारात कीर्तनात गातात, तिथे त्यांना शबद म्हणतात. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली आता गुरुद्वारात जाऊन ऐकायचंय, तर येत्या रविवारी जातोय दोघी.