आत्याचा तंबोरा, बांगड्या आणि माझं इफेक्ट्सचं वेड

गेली दोन वर्षं आमच्याकडं प्रत्येक लग्नकार्यात कोणतरी म्हणतंय की आत्याचं गाणं रेकॉर्ड करून ठेवायला पाहिजे बरं का, आणि जेवणं झाली की सगळे विसरतात. शेवटी मीच एका रविवारी लॅपटॉप, साधा यूएसबी माइक आणि हेडफोन पिशवीत टाकला आणि सांगलीतनं मिरजेला गेलो. सॉफ्टवेअर म्हणजे आपलं ऑडॅसिटी, फुकटातलं. मला त्यातलं काय येत होतं तर लाल बटण दाबायला आणि इफेक्टचा मेनू उघडायला. तेवढ्यावर माणूस स्वतःला साउंड इंजिनिअर समजायला लागतो, त्याला इलाज नाही.

आत्यानं अर्धा तास भूप राग आणि दोन अभंग म्हटले. स्वतःच तंबोरा छेडत. घरी येऊन ऐकलं तर गाणं झकास पण मागं फॅनची घरघर. म्हटलं काय अवघड आहे, नॉइज रिडक्शन आहे की. त्याची रीत अशी की आधी नुसता कचरा आवाज असलेला तुकडा सिलेक्ट करून सॉफ्टवेअरला दाखवायचा, म्हणजे ते त्याचं प्रोफाइल घेतं, मग सगळी फाइल सिलेक्ट करून दुसऱ्यांदा चालवायचं. आत्या गायला लागायच्या आधीचे आठ सेकंद मी दाखवले, आणि त्या आठ सेकंदांत तंबोरा वाजत होता हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

आता सॉफ्टवेअरच्या बाजूनं बघा. एकसारखा, न थांबता, त्याच त्या पट्ट्यात वाजणारा आवाज म्हणजे कचरा, एवढंच त्याला कळतंय. आणि तंबोरा दुसरं काय करतो? घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवून जवारी जमवायची ती कशासाठी, तर तार घोडीला हलकी घासत राहावी आणि वरच्या स्वरांचा एक झणझणीत पिसारा सतत फुलून राहावा म्हणून. मिरजेतल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या हात झिजवून जे कमावलं, ज्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या गावची खासियत असल्याचा सरकारी शिक्का, मिळाला, ते मी १२ डेसिबलनं पुसून टाकलं. फॅन गेला, तंबोरापण गेला, मागं राहिलं ते पाण्यात बुडबुडे सुटल्यासारखं कायतरी. गंमत म्हणजे आत्या रिषभावर असली की आवाज बरा वाटायचा, आणि सा वर येऊन आवाज बारीक करत नेला की शेवटचं टोक गडप! कारण सा तर तंबोऱ्यातपण होता ना, म्हणजे कचऱ्याच्या यादीत.

नशीब मूळ फाइलची कॉपी होती. हे मात्र मनावर घ्या, नॉइज रिडक्शन फाइलवर कायमचंच बसतं. रिव्हर्बसारखे (म्हणजे आवाज खोलीत घुमल्यासारखा करणारे) काही इफेक्ट ऑडॅसिटी ३.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, ट्रॅकवर नुसते लावून चालू-बंद करून ऐकता येतात, ते लय सोयीचं झालंय, पण हे त्यातलं नाही.

मग दुसरी हौस, कम्प्रेसर. आत्या अभंगात एखादी ओळ पुटपुटल्यासारखी म्हणते आणि पुढची एकदम खड्या आवाजात, तर म्हटलं दोन्ही सारखं करू. कम्प्रेसर जोराचा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. सगळंच म्हणजे सगळंच. आत्याचा श्वास वर आला, खालच्या रिक्षाचा हॉर्न वर आला आणि बांगड्या! तंबोऱ्यावर बोटं फिरतायत आणि दर फेरीला खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. आधी ऐकूपण येत नव्हत्या. आणि एक फसवणूक असते बघा, कम्प्रेसर लावला की आवाज मोठा होतो आणि मोठा झाला की आपल्याला वाटतं भारी झालं. मूळ आणि कम्प्रेसर लावलेलं, दोन्हीचा आवाज सारखा करून ऐकलं तेव्हा कळलं की मी गाणं नुसतं चपटं केलंय.

रिव्हर्बचं तर विचारूच नका. तयार प्रीसेटमध्ये बाथरूमपासून कॅथेड्रलपर्यंत सगळं आहे आणि मी कुठं जाणार, कॅथेड्रललाच, म्हणजे भल्यामोठ्या चर्चला. आत्याला फोनवर पाठवलं. पाच मिनिटांनी फोन,
"अरे बाळा, मला विहिरीत का ढकललंस?"
"आत्या, तो इफेक्ट आहे."
"असंल. पण बोल कळंना झालेत की रे."

बरोबर होतं तिचं. घुमणारं शेपूट पुढच्या शब्दावर पडत होतं, तंबोऱ्याची मुळातली आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, त्यात मिसळून नुसता चिखल. अभंगात शब्दच गेला तर राहिलं काय?

पुढच्या रविवारी परत गेलो. या वेळी फॅन बंद, खिडकी बंद, भिंतीच्या बाजूनं दोन खुर्च्यांवर गोधड्या टाकल्या, लॅपटॉपचा चार्जर काढला. चार्जरमुळं एक बारीक हूं येत होतं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं हे ५० आणि १०० ला बसतं. आत्याची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण १०४ हर्ट्झला. म्हणजे १०० चं हूं इफेक्टनं कापायला गेलो असतो तर खर्जालापण कात्री लागली असती. एका व्हिडिओत बघून हाय पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचे आवाज कापणारा इफेक्ट, १५० ला लावणार होतो, तो ८० वर आणला.

तंबोरा न छेडता दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड केली. आत्या म्हणाली, "आता काय मौन पाळायचंय काय?" बांगड्या काढ म्हणायची माझी हिंमत नव्हती, तिनंच चक्क काकांचा हातरुमाल मनगटावर घट्ट गुंडाळला आणि बसली, घामानं डबडबली पण उठली नाही.

घरी आल्यावर नॉइज रिडक्शन ६ डेसिबलवर, तेपण नाइलाजानं. ८० चा फिल्टर. रिव्हर्ब छोट्या खोलीचा, ऐकू यायला लागेपर्यंत वाढवला आणि मग थोडा मागं घेतला, आणि गाण्याच्या शेवटी चार सेकंद शांतता जोडली, नाहीतर आस मध्येच कापल्यासारखी तुटते. कम्प्रेसर लावलाच नाही, दोन मोठ्या ओळींचा आवाज हातानं कमी केला.

काल ते घेऊन गेलो. आत्यानं हेडफोन लावून डोळे मिटून सगळं ऐकलं, मी भडंगाचा बकाणा तोंडात धरून तिच्याकडं बघतोय. हेडफोन काढला.

"आवाज छान आलाय. पण दुसऱ्या अभंगात पंचमाची तार उतरलीय रे. परत करू."

पुढचा रविवार ठरलाय.