मोकळं वाटतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रत्येक प्रदर्शनात कोणीतरी विचारतंच, ‘एवढं रंगवल्यावर मोकळं वाटत असेल ना?’ आणि मग हळूच, ‘रक्त फार आहे हो चित्रांत.’

रक्त नाही ते. खनिजाची धूळ आहे. 2012 साली खाणी बंद पडण्याआधी ज्यांनी गोव्यात डिचोली-साखळीकडे दिवस काढले, त्यांना हे सांगावं लागू नये. केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे तोच रंग. असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. दादाच्या स्कूटरच्या अपघाताचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आपल्या साळगावच्या चित्रकार सूझांना लहानपणी देवी आल्या, म्हणून त्यांच्या चित्रांतले चेहरे तसे, असं एका वाक्यात उरकणाऱ्यांचा मला राग येतो. नॉर्वेच्या चित्रकार मुंकचं उदाहरण मात्र मीच देते. त्याची बहीण 1877 मध्ये क्षयाने गेली. ‘आजारी मूल’ त्याने 1885-86 मध्ये रंगवलं आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत पुन्हा पुन्हा, एकूण सहा वेळा. मोकळं वाटलं असतं तर एकदाच पुरलं असतं की.

तीन वर्षांपूर्वी, चवथीची साफसफाई चालली होती. आई केरसुणी घेऊन माझ्या खोलीत आली. एरवी येत नाही. समोर दादाची पाठ होती, लालभडक. मी पाठच रंगवते. स्कूटरवर मागे बसलेलीला दुसरं काय दिसणार? आई बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “शर्ट निळा होता गो त्याचा. मीच घेतलेला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात.”

मी तिला समजावायला लागले. रंग खरा असायची गरज नसते, आतलं बाहेर येणं महत्त्वाचं, वगैरे. ती “बरं” म्हणाली आणि झाडायला लागली.

रात्री डोळे मिटून तो शर्ट आठवून पाहिला. माझाच कॅनव्हास दिसला. निळा कुठेच नाही.

पहिल्या प्रदर्शनाच्या पत्रकात मी लिहिलं होतं, ‘चित्रांनी मला वाचवलं.’ आता वाचताना कानकोंडं व्हायला होतं. पण खोटं तरी कसं म्हणू? तेव्हा ब्रश हातात नसता तर झोप लागली नसती.

मध्यंतरी निळा लावून पाहिला. पाठ दुसऱ्याच कुणाच्या तरी भावाची दिसायला लागली. ओला होता तोवरच फडक्याने पुसला. आईला सांगितलेलं नाही.