जोर्नाडाला वायफाय कार्ड शोधताना

मावसभावाने घर बदललं तेव्हा माळ्यावरून एचपीचं जोर्नाडा ७२० (हातात मावणारा, कीबोर्डवाला छोटा कॉम्प्युटर) निघालं, तो भंगारात टाकणार होता, मी उचललं. २००० सालचं यंत्र, साधारण कंपासपेटीएवढं, आत २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर नि ३२ एमबी रॅम, पण कीबोर्ड असला झकास की लिहायला मोबाईल घ्यावासा वाटत नाही. प्रश्न एवढाच की लिहिलेलं लॅपटॉपवर न्यायचं कसं, दरवेळी मेमरी कार्ड काढा-घाला करून कंटाळा आला.

वायफाय आत नाहीच, कार्ड घालावं लागतं. त्यासाठी स्लॉट दोन, एक कॉम्पॅक्टफ्लॅशचा (छोटं, चौकोनी मेमरी कार्ड जातं तो), दुसरा पीसी कार्डचा (जुन्या लॅपटॉपात घालायचं ते मोठं कार्ड). आधी वाटलं छोटं कॉम्पॅक्टफ्लॅशवालं घेऊ, पण यात इन्स्टॉल केलेलं बहुतेक रॅममध्येच राहतं, मेन बॅटरी उतरली आणि आतला बटण सेल पण गेला की सगळं साफ, ड्रायव्हरसकट (माझं दोनदा झालंय). म्हणजे ड्रायव्हर परत चढवता यावा म्हणून मेमरी कार्डाने तो छोटा स्लॉट अडवलेलाच बरा, वायफाय पीसी कार्डातच.

मग शहाणपणा केला. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात ५४ एमबीपीएसचं वायफाय कार्ड दिसलं, जुन्या ११ एमबीपीएसवाल्यापेक्षा भारीच की, आणि दुकानदार म्हणाला सगळी सेमच असतात, घेऊन टाकलं. घरी घालायला गेलो तर पूर्ण आत जाईचना. नशीब जोर लावला नाही, नाहीतर पिना गेल्या असत्या. ते होतं ३२ बिटचं कार्डबस (पीसी कार्डचाच नंतरचा प्रकार), जोर्नाडाचा स्लॉट १६ बिटचा, कार्डबस आत जाऊच नये म्हणून खाच मुद्दाम वेगळी असते. ओळखायची खूण सोपी, कार्डबसला टोकाशी बारीक उंचवट्यांची सोनेरी पट्टी असते, ती दिसली की ठेवून द्यायचं.

शेवटी जुनं ओरिनोको गोल्ड मिळालं, ११ एमबीपीएस, १६ बिट. ड्रायव्हर मेमरी कार्डावर टाकून चढवला, रिसेट मारलं, कार्डावरचा दिवा लागला!

पण माझ्याकडचा ड्रायव्हर फक्त डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं जुनं कुलूप, ओळखतो, आणि ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय, घरच्या राउटरवर कोण लावणार. म्हणून कपाटातला जुना राउटर काढला, त्याला इंटरनेट दिलंच नाही, फक्त वायरने लॅपटॉप जोडला आणि एफटीपीने (नेटवर्कवरून फायली पाठवायची जुनी पद्धत) फायली पाठवतो. तसंही आजच्या साइट्स यातल्या ब्राउझरला उघडत नाहीतच. काम झालं की कार्ड बाहेर काढून ठेवतो, आत राहिलं तर बॅटरी भराभर खातं.