सिरपूरच्या काठावर फायसा

इंदूरच्या धार रोडवरच्या सिरपूर तलावावर लोक जातात ते पक्ष्यांसाठी. 2022 मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला, तेव्हापासून तर दुर्बिणवाले जास्तच. आम्ही मात्र माना खाली घालून काठाकाठाने चाललो होतो. सोबत भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या पिशवीत नागपूरजवळच्या टाकळीचा दगड.

पांढुरका, गारगोटीसारखा टणक दगड, त्यात शंख दाटीवाटीने रुतलेले. ही फायसा प्रिन्सेपी, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे जीवाश्म. शंखांचा मूळ चुना केव्हाच गेला, त्या जागी सिलिका बसली. आकार मात्र जसाच्या तसा. काकांनी चिखलातला एक रिकामा शंख धुऊन माझ्या हातावर ठेवला. ‘‘टोक वर धर, तोंड आपल्याकडे कर. आता बघ.’’ तलावातल्या बेलामियाचं, म्हणजे हातातल्या या आजच्या गोगलगायीचं, तोंड उजवीकडे, दगडातलीचं डावीकडे!

या डावीकडच्या तोंडावरून फायसाचं कूळ ओळखता येतं आणि कुळावरून पाणी. या गोगलगायी फुप्फुसाने श्वास घेतात, म्हणून उथळ, साचलेल्या पाण्यातही तग धरतात. बेलामियाला कल्ले असतात. तिला टिकाऊ पाणी मानवतं. दख्खनच्या ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात लाव्हावरच्या खोलगट जागी तळी साचली, त्यांत फायसा नांदली आणि पुढच्या लाव्हाने सगळं झाकून टाकलं.

वयाचं कोडं मात्र अवघड होतं. नागपूरचं कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी 1860 मध्ये या शंखांचं वर्णन करताना थर तृतीयक काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे, मानले. अशा गोगलगायींचे आकार फार सावकाश बदलतात, त्यामुळे नुसत्या ठेवणीवरून काळ ठरवणं धोक्याचं. नेमकं वय दिलं ते लाव्हाने. बेसॉल्टमधल्या पोटॅशियमचा आर्गॉन होत जातो. त्या हिशोबाने हे उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर संपले त्या सुमाराचे. एकदा फायसाचा काळ असा पक्का झाला की लाव्हाखालच्या लमेटा थरांत ती दिसली तरी त्यांच्या वयाचा अंदाज येतो. मला तर हीच गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते.

परतताना एक शिंपला मिळाला, लॅमेलिडेन्स. याची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. याचा नातलग युनियो दख्खनच्या थरांतही सापडतो.

‘‘म्हणजे त्या पाण्यात मासे होतेच,’’ काका म्हणाले. ‘‘युनियो दिसला की त्याच थरात काटे आणि खवले शोधायला लागायचं.’’