नान्नजच्या बोरीवरचा आठ पायांचा मुंगळा

सोलापूरला तीन दिवस होते. त्यातला पहिला किल्ला, सिद्धेश्वराचं तळं आणि ऊन यातच गेला. नान्नजला माळढोक काही दिसला नाही, काळवीट दिसले लांबून, तेवढ्यावर समाधान. पण लिहायला बसले ती वेगळ्याच कारणाने.

मैत्रिणीच्या मावशींचं घर नान्नजला, बार्शी रोडवर. आम्ही चौघं त्यांच्याकडेच राहिलो, आणि खरं सांगते, शहरातल्या लॉजपेक्षा ती ओसरी शंभर पटीने बरी. सकाळी तोंड धुवायला अंगणात गेले तर बोरीच्या फांदीवर काळे मुंगळे वरखाली करत होते, आणि त्यातला एक थांबला, वळला आणि त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. मुंगळा असा बघत नाही. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवत होता, कमरही मुंगळ्यासारखीच बारीक, म्हणून आधी काही कळेना, मग पाय मोजले, टेकलेले सहा आणि वर धरलेले दोन. आठ! बोट जवळ नेलं तर उडी मारली आणि हवेतच लटकला, पांढऱ्या धाग्यावर. मुंगळ्याला कुठला धागा.

"काय बघालीस गं एवढं? चहा गार व्हालाय," मावशी म्हणाल्या. त्यांना दाखवला. त्या पदर खोचून वाकल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

तो उड्या मारणारा कोळी होता, साल्टिसिडी कुळातला. कोळ्यांचं सगळ्यात मोठं कुळ हे, सहा हजारांच्या वर जाती. ओळखायची सोपी खूण म्हणजे डोळे, आठांपैकी समोरचे मधले दोन मोठे, गाडीच्या हेडलाइटसारखे. या दोन डोळ्यांच्या आत लांब नळ्या असतात आणि नळीच्या टोकाचा पडदा आतल्या आत हलतो, म्हणजे बाहेरून डोळा स्थिर दिसला तरी तो तुम्हाला खरोखर न्याहाळत असतो. मला वाटलं ते उगाच नव्हतं वाटलं. लिंक्स कोळीही जाळं न लावता झाडावर शिकार करतो, त्यामुळे लोक घोटाळा करतात, पण त्याच्या पायांवर उभे काटे असतात आणि डोळे षटकोनात. आणि जमिनीवरून अंड्यांची पिशवी मागे लावून पळतो तो लांडगा कोळी, त्याचं कुळ वेगळं.

आता तक्रार. आमच्यातल्या एकाने फोनवर धूसर फोटो काढला, अ‍ॅपने लगेच दोन शब्दांचं पूर्ण शास्त्रीय नाव दिलं आणि त्याने ते ग्रुपवर टाकूनही दिलं. मला खूप राग आला. अहो, जात ठरवायची म्हणजे नराचे तोंडाजवळचे पॅल्प, म्हणजे छोट्या पायांसारखे अवयव, किंवा मादीच्या पोटाखालचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, त्यासाठी जीव बहुतेक वेळा स्पिरिटमध्ये जातो, पिल्लू असेल तर तेही जमत नाही. मुंगळ्यांची नक्कल करणाऱ्या या कोळ्यांना वर्षानुवर्षं सरसकट मिरमारॅक्नी म्हणायचे, ग्रीकमध्ये मुंगी अधिक कोळी, पण २०१६ मध्ये प्रुशिन्स्की या पोलिश अभ्यासकाने त्या एका प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, कितीतरी तुकडे केले. मोठमोठे लोक एवढं जपून बोलतात आणि आपण बोटाने टॅप करून मोकळे?

नाव देण्यात किती काय असतं बघा. २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच याच कुळातल्या एका नव्या कोळ्याची नोंद झाली, त्याचं नाव आयसियस तुकारामी, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या आठवणीत. तसं नाव चिकटवायच्या आधी कुणीतरी तो जीव तासन्‌तास बघितलेला असतो, त्याचं चित्र काढलेलं असतं, दुसऱ्या जातींशी ताडून बघितलेलं असतं.

मग मी पण बसले. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ताटात तसंच, अर्धा तास. तो मुंगळ्यांच्या रांगेच्या कडेकडेने चालायचा पण खरा मुंगळा अगदी जवळ आला की बाजूला व्हायचा. या कोळ्यांच्या नराला पुढे लांबच लांब जबडे असतात, काहीतरी उचलून चालल्यासारखा दिसतो. याला नव्हते. दुपारी मावशींचे मिस्टर फवारणीचा पंप घेऊन आले तर मावशीच म्हणाल्या, "बोरीला नको ओ आज, तिथं ते आहे."

वहीत एवढंच लिहिलं: मिरमारॅक्नीच्या गोतावळ्यातला, मादी किंवा पिल्लू, जात ठरवली नाही. नान्नज, बोर, सकाळी साडेसात, काळ्या मुंगळ्यांसोबत.